टूमस्टोनचे ऐंशी दिवस



अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांतील जीवनावर रचलेले, घोडेस्वार आणि पिस्तुलें यांनीं गजबजलेले चित्रपट आपल्याकडील शहरांतून कित्येक पिढ्यांनीं आवडीनें पाहिले आहेत. १९९३ सालीं आलेला ‘टूमस्टोन’ हा त्यांपैकींच एक. दिग्दर्शक जॉर्ज कॉस्माटोस. प्रमुख नट कर्ट रसेल आणि व्हॅल किल्मर. अगदीं आरंभींचा हत्याकांडाचा एक प्रसंग वगळला, तर या चित्रपटाचा पूर्वार्ध पाहणारास वाटावें कीं, ही एका कुटुंबाची कथा आहे. तीन भाऊ आपापल्या बायकांसह चांदीच्या खाणींवर वसलेल्या एका नव्या गांवीं येतात. पूर्वीं पोलिसाची नोकरी केलेली, तिचा वीट आलेला. आतां चार पैसे मिळवून स्वस्थ बसावें एवढीच इच्छा. नाटकगृह आहे, जुगाराचें टेबल आहे, एका नटीवर जडलेलें प्रेम आहे. मग एका वादळी रात्रीं एका भावाचा हात निकामी होतो, दुसऱ्याचे प्राण जातात, आणि तेथून चित्रपटाची जातच बदलते. घर, संसार, व्यापार सारें मागें पडतें. पडद्यावर उरतात घोडे, धूर आणि एकामागून एक पडणारीं प्रेतें.

हा सांधा कित्येक प्रेक्षकांना खटकतो. एका चित्रपटाला दुसरा चिकटविल्यासारखा वाटतो. मला वाटतें, हा दोष लेखकाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल, कारण सांधा इतिहासांतच आहे. फरक आहे तो त्याच्या लांबीचा. चित्रपटांत दोन्हीं भावांवरचे हल्ले एकाच रात्रीं होतात. इतिहासांत त्या दोहोंच्या दरम्यान बरोबर ऐंशी दिवस गेले. चित्रपटाला जें सांगावयास सवड झाली नाहीं, तें बहुतेक या ऐंशी दिवसांत आणि त्यांच्या आधींच्या दोन महिन्यांत घडलें. आज त्याच दिवसांबद्दल आपणांशीं बोलावें असा माझा विचार आहे.

प्रथम गांवाविषयीं थोडें. आरिझोना हा त्या काळीं अमेरिकन संघराज्याचा नुसता एक प्रदेश होता. त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो पुढें १९१२ सालीं. त्याच्या आग्नेय कोपऱ्यांत, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून सुमारें तीस मैलांवर, एड शिफेलिन नांवाच्या एका भटक्या शोधकाला १८७७ सालीं चांदी सांपडली. तेथें अपाशे इंडियनांची दहशत फार. “तुला तेथें मिळालाच तर तुझ्या थडग्याचा दगड मिळेल,” अशा अर्थाची थट्टा लोकांनीं केली होती. म्हणून त्यानें आपल्या खाणीला तेंच नांव दिलें, आणि गांवालाही तेंच चिकटलें. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड. गांवांतल्या एका वर्तमानपत्राचें नांव त्याला साजेसें ‘एपिटाफ’, म्हणजे थडग्यावरचा लेख. प्रतिस्पर्धी पत्राचें नांव ‘नगेट’, म्हणजे खाणींत सांपडणारा धातूचा गोळा. पुढील सर्व हकीकत या दोन पत्रांनीं परस्परविरुद्ध रंगांत रंगविली, आणि इतिहासकारांचे डोळे आजही त्या दोन रंगांमुळें दिपतात.

या गांवीं १८७९ च्या डिसेंबरांत अर्प बंधु आले. त्यांतील ज्याच्या नांवाचा पुढें डंका वाजला तो वायट अर्प. मराठी कानास हें नांव ‘वाईट’ असें ऐकूं येतें. आणि तो वाईट होता कीं बरा, यावर अमेरिकेंत जवळजवळ दीड शतक वाद चालू आहे, तेव्हां हा योगायोग अगदींच निरर्थक म्हणवत नाहीं. वडील भाऊ जेम्स गुत्त्यांतून काम करी. व्हर्जिल हा संघ सरकारचा डेप्युटी मार्शल होता, आणि १८८१ च्या जूनपासून गांवच्या पोलिसांचा मुख्यही झाला. धाकटा मॉर्गन. त्यांच्या जोडीला वायटचा स्नेही डॉक हॉलिडे. शिक्षणानें दंतवैद्य, धंद्यानें जुगारी, आणि क्षयानें पोखरलेला.

विरुद्ध बाजूस ज्यांना ‘काउबॉय’ म्हणत ते लोक. आज हा शब्द आपण कौतुकानें उच्चारतों. टूमस्टोनच्या आसपास मात्र तेव्हां तो जवळजवळ शिवी होता. मेक्सिकोंतून गुरें चोरून आणणारा, टपालगाड्या लुटणारा मनुष्य असा त्याचा अर्थ. क्लॅन्टन आणि मॅक्लॉरी या दोन कुटुंबांचीं गुरांचीं ठाणीं याच मंडळींच्या उठण्याबसण्याचीं. त्यांना सांभाळून घेणारा शेरीफ जॉन बीहन. मुंबईकरांना ‘शेरीफ’ हा शब्द परका नाहीं. परंतु मुंबईचा शेरीफ म्हणजे एका प्रतिष्ठित नागरिकाला वर्षापुरता मिळणारा मान. आरिझोनाच्या शेरीफाच्या हातीं तुरुंग असे, वॉरंटें असत, आणि कर वसूल करण्याचें कामही असे. त्या वसुलींतून त्याला हिस्सा मिळे. हें पद वायटलाही हवें होतें. म्हणजे वैराच्या मुळाशीं कायदा आणि गुन्हा एवढेंच नव्हतें. एक फायदेशीर नेमणूकही होती.

२६ ऑक्टोबर १८८१ च्या दुपारीं तीनच्या सुमारास जी चकमक झाली तिचें वर्णन मी थोडक्यांत आटपतों, कारण पडद्यावर ती आपण अनेकदां पाहिली आहे. गांवांत शस्त्र घेऊन हिंडण्यास मनाई करणारा नियम त्याच वर्षीं झाला होता. तो मोडला म्हणून क्लॅन्टन-मॅक्लॉरी मंडळींचीं शस्त्रें काढून घेण्यास व्हर्जिल निघाला, आणि मदतीस त्यानें दोन भाऊ व हॉलिडे यांना घेतलें. जागा ‘ओ. के. कोरल’ या घोड्यांच्या वाड्याची म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षांत ती त्याच्या मागील अंगास, एका छायाचित्रकाराच्या घराशेजारची अरुंद मोकळी जागा होती. सुमारें तीस सेकंद आणि सुमारें तीस गोळ्या. एकोणीस वर्षांचा बिली क्लॅन्टन, फ्रँक मॅक्लॉरी आणि टॉम मॅक्लॉरी हे तिघे ठार झाले. व्हर्जिल, मॉर्गन व हॉलिडे जखमी झाले. वायटला ओरखडाही आला नाहीं. ज्याच्या बडबडीमुळें सारें पेटलें तो आइक क्लॅन्टन निःशस्त्र होता. तो पळाला आणि वांचला.

चित्रपटांत यानंतर मृतांची अंत्ययात्रा निघते आणि कथा पुढें धांवते. इतिहास मात्र येथें एक महिना थबकला. वायट व हॉलिडे यांच्यावर खुनाची फिर्याद झाली, आणि न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढें प्राथमिक चौकशी उभी राहिली. सुमारें तीस साक्षीदार झाले. शरण येण्यासाठीं हात वर केलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या काय? टॉम मॅक्लॉरीजवळ पिस्तूल होतें कीं नव्हतें? पहिला बार कोणाचा? प्रत्येक प्रश्नाचीं दोन उत्तरें, आणि दोन्हीं शपथेवर. चौकशीच्या काळांत कांहीं दिवस वायट व हॉलिडे बीहनच्या तुरुंगांत होते. अखेर ३० नोव्हेंबरला स्पायसर यांनीं निर्णय दिला. वैर ठाऊक असतांना व्हर्जिलनें वायटला व हॉलिडेला मदतीस घेतलें हें शहाणपणाचें झालें नाहीं, असा ठपका त्यांनीं ठेवला. पण त्यांत गुन्हा नाहीं असें ठरवून दोघांना सोडलें. मला हा निर्णय त्या गांवच्या मानानें विलक्षण समतोल वाटतो. ज्यांनीं आपले भाऊ पुरले होते त्यांना तो तसा वाटणें शक्य नव्हतें.

यांपैकीं एक विल मॅक्लॉरी. मृत बंधूंचा हा भाऊ टेक्सासांत वकिली करी. तार मिळतांच तो टूमस्टोनला आला, फिर्यादी पक्षाच्या वकिलांत बसला, आणि वायट व हॉलिडे यांना जामिनावरून पुन्हा तुरुंगांत धाडण्यांत त्याचाच पुढाकार होता. तो गुरें चोरणारा नव्हता, बंदूकबाजही नव्हता. त्याला आपल्या भावांच्या मारेकऱ्यांस कायद्यानें फांसावर चढवावयाचें होतें. चित्रपटांत हा मनुष्य कोठेंच नाहीं, आणि त्यामुळें पडद्यावर भावासाठीं रडणारे भाऊ एकाच बाजूस उरतात.

२८ डिसेंबरच्या रात्रीं साडेअकराच्या सुमारास व्हर्जिल रस्ता ओलांडीत असतांना एका अर्धवट बांधलेल्या इमारतींतून त्याच्यावर बंदुकीचे बार झाले. तो वांचला, परंतु डाव्या दंडाचें बरेंचसें हाड काढावें लागलें आणि तो हात कायमचा गेला. जागेवर आइक क्लॅन्टनची टोपी सांपडली. वायटनें संघ सरकारच्या मार्शलला तार केली, आणि उलट तारेनें त्याची डेप्युटी मार्शल म्हणून नेमणूक झाली.

येथून ते ऐंशी दिवस सुरू होतात.

सूडाच्या कथेचा नायक या ठिकाणीं घोड्यावर खोगीर चढवितो. वायट अर्पनें वॉरंटें मिळविलीं. आइक क्लॅन्टन व त्याचे सोबती न्यायालयापुढें आले. पण त्या रात्रीं आइक दुसऱ्या गांवीं होता असें शपथेवर सांगणारे साक्षीदार एकामागून एक उभे राहिले. टोपी एकटी पडली आणि आरोपी सुटले. त्याच फेब्रुवारीच्या आरंभीं दोन गोष्टी घडल्या, आणि त्या मला या सबंध इतिहासांत अत्यंत महत्त्वाच्या वाटतात. वायट व व्हर्जिल यांनीं आपल्या सरकारी नेमणुकींचे राजीनामे पाठविले; ते स्वीकारले गेले नाहींत. आणि वायटनें आइक क्लॅन्टनकडे माणूस पाठविला: भेटूं, बोलूं, हें वैर मिटवूं. आइकनें साफ नकार दिला. उलट त्यानें शेजारच्या गांवच्या न्यायाधीशापुढें ऑक्टोबरच्या चकमकीबद्दल पुन्हा खुनाची फिर्याद गुदरली. तींतूनही अर्प मंडळी सुटली.

म्हणजे या दिवसांत दोन्हीं पक्ष एकमेकांविरुद्ध न्यायालयाचे दरवाजे ठोठावीत होते, आणि दोघांनाही ते बंदच आढळले. न्यायाधीश भ्रष्ट होते असें म्हणण्यास मला आधार दिसत नाहीं. साक्षीदार फितूर होते, पंच भ्यालेले होते, आणि ज्या दोन अधिकाऱ्यांनीं पुरावा गोळा करावयाचा तेच दोन पक्षांचे म्होरके होते. चित्रपटकारानें हे दिवस गाळले याचें कारण उघड आहे. राजीनामा देणारा आणि तडजोडीस माणूस पाठविणारा नायक प्रेक्षकांना नको असतो.

१८ मार्च १८८२, शनिवार. मॉर्गन अर्प नाटक पाहून परतला आणि बिलियर्ड खेळण्यास गेला. वायट तेथेंच बसून खेळ पाहत होता. अकराला कांहीं मिनिटें कमी असतां मागील बोळांतून, दाराच्या कांचेंतून, गोळ्या आल्या. एक मॉर्गनच्या पाठींत शिरली. दुसरी वायटच्या डोक्याजवळ भिंतींत रुतली. तासाभरांत मॉर्गन गेला. दुसऱ्या दिवशीं वायटचा चौतिसावा वाढदिवस होता. जेम्स मॉर्गनचें शव घेऊन कॅलिफोर्नियांत आईबापांकडे निघाला.

मृत्यूच्या चौकशींत एक अनपेक्षित साक्षीदार पुढें आली. पीट स्पेन्स नांवाच्या संशयिताची मेक्सिकन पत्नी मारिएटा डुआर्टे. त्या रात्रीं नवरा, फ्रँक स्टिलवेल व आणखी कांहीं माणसें उशिरां घरीं आलीं, नवऱ्यानें आपणांस धमकी दिली, असें तिनें सांगितलें आणि नांवेंही घेतलीं. तिचें धैर्य मोठें होतें. परंतु वायट अर्प आतां न्यायालयासाठीं थांबला नाहीं.

२० मार्चला लुळा व्हर्जिल व त्याची बायको यांना आगगाडीनें सुरक्षितपणें पुढें धाडावें म्हणून वायट, धाकटा भाऊ वॉरेन, हॉलिडे व इतर टूसॉन स्टेशनापर्यंत गेले. तेथें अंधारांत फ्रँक स्टिलवेल दिसला. तो दबा धरून होता असें वायट सांगे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रुळांजवळ त्याचें प्रेत सांपडलें. अंगावर अनेक गोळ्यांच्या जखमा होत्या. हा स्टिलवेल एकेकाळीं बीहनचा डेप्युटी शेरीफ होता, आणि टपालगाडीच्या दरोड्याच्या आरोपासंबंधांत टूसॉनला आलेला होता. त्याला मारणाराजवळ संघ सरकारचा बिल्ला होता. ‘टूमस्टोन’ चित्रपटाचा दुसरा भाग येथें सुरू होतो. आणि कबूल केलें पाहिजे कीं या स्टेशनावरच्या प्रसंगाचा काळोख दिग्दर्शकानें चांगला पकडला आहे.

दोन दिवसांनीं ड्रॅगून डोंगरांत, स्पेन्सच्या लांकूडतोडीच्या तळावर, फ्लोरेन्टिनो क्रूझ नांवाचा मजूर मारला गेला. या मृत्यूपाशीं मला थोडें थांबावेंसें वाटतें. मारिएटाच्या साक्षींत ‘इंडियन चार्ली’ नांवाचा एक इसम होता. क्रूझ तोच, असें अर्प मंडळींनीं मानलें. मरण्यापूर्वीं त्यानें गुन्हा कबूल केला, असें वायट पुढें सांगे. परंतु ही कबुली ऐकणारे आणि गोळ्या झाडणारे एकच होते. खरोखर तोच तो मनुष्य होता काय, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाहीं. आइक क्लॅन्टनला साक्षीदार मिळाले, वायटला वकील मिळाले; क्रूझला मिळालीं तीं कांहीं मिनिटें. सूडकथा पाहतांना आपण मेलेल्यांची मोजदाद करतों, त्यांची ओळख पटविण्याचें काम कथाकारावर सोंपवितों. पडद्यावर तें चालून जातें, कारण तेथें गुन्हेगार कोण तें आपण अगोदरच डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

२४ मार्चला व्हेटस्टोन डोंगरांतील एका झऱ्याकांठीं वायट अवचित काउबॉयांच्या टोळीसमोर आला. कर्ली बिल ब्रोशियस या त्यांच्या नामांकित म्होरक्याला आपण बंदुकीनें मारलें, असें त्यानें जन्मभर सांगितलें. अंगरखा गोळ्यांनीं फाटला, अंगाला एकही लागली नाहीं, हाही त्याचाच तपशील. आणि चित्रपटानें तो मोठ्या थाटानें उचलला आहे. विरोधकांनीं कर्ली बिल मेलाच नाहीं म्हणून सांगितलें. प्रेत कोणी दाखविलें नाहीं, पण कर्ली बिलही पुन्हा दिसला नाहीं.

इकडे शेरीफ बीहन अर्पांच्या पाठलागास निघाला होता. स्टिलवेलच्या खुनाचें वॉरंट त्याच्याजवळ होतें. त्याच्या पथकांत जॉनी रिंगो होता आणि इतर काउबॉयही. अशा रीतीनें दोन सशस्त्र टोळ्या त्या ओसाड मुलुखांत फिरत होत्या. दोघींजवळ बिल्ले, दोघींजवळ कागद, आणि दोघींतही अशीं माणसें कीं ज्यांना तुरुंगाची आंतली बाजू ठाऊक. हेन्री हूकर या मोठ्या जमीनदारानें अर्पांना जेवूं घातलें आणि बीहनला मदत नाकारली. एप्रिलांत अर्प मंडळी प्रदेश सोडून न्यू मेक्सिको व तेथून कोलोरॅडोंत गेली. मे महिन्यांत हॉलिडेला डेन्व्हर येथें अटक झाली, पण कोलोरॅडोच्या गव्हर्नरानें त्याला आरिझोनाच्या हवालीं करण्याचें नाकारलें. ३ मे रोजीं खुद्द राष्ट्राध्यक्ष आर्थर यांना जाहीरनामा काढावा लागला कीं, दंगेखोर पांगले नाहींत तर लष्कर आणावें लागेल. एका बिलियर्डच्या टेबलापासून राष्ट्राध्यक्षाच्या मेजापर्यंत प्रकरण सात आठवड्यांत पोंचलें.

जॉनी रिंगो जुलैंत एका ओक वृक्षाखालीं डोक्यांत गोळी लागून मेलेला आढळला. आत्महत्या असाच निष्कर्ष निघाला. चित्रपटांत त्याला हॉलिडे मारतो, कारण कथेचा तोच ताल आहे. हॉलिडे १८८७ सालीं क्षयानें अंथरुणावर गेला. आइक क्लॅन्टन त्याच वर्षीं एका गुप्त पोलिसाच्या गोळीनें मेला. त्यांत अर्पांचा हात नव्हता. व्हर्जिल एका हातानें पुन्हा पोलिसाचें काम करीत १९०५ पर्यंत जगला.

वायट मात्र इतका दीर्घायुषी ठरला कीं चित्रपटसृष्टीनें त्याला गांठलें. तो लॉस एंजल्सला राहूं लागला. विल्यम हार्ट या पश्चिमपटांच्या नटाशीं त्याचा स्नेह जमला, आणि आपण तरुणपणीं चकमकीची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली असें दिग्दर्शक जॉन फोर्ड सांगत असत. जानेवारी १९२९ मध्यें वयाच्या ऐंशीव्या वर्षीं वायट वारला. खांदा देणारांत हार्ट आणि टॉम मिक्स हे नट होते. दोन वर्षांनीं स्टुअर्ट लेक यांनीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत वायटच्या तोंडचीं म्हणून जीं वाक्यें आहेत त्यांतील पुष्कळ लेक यांचींच. चित्रपटांचा उगम या पुस्तकांत आहे. फोर्ड यांच्या १९४६ च्या ‘माय डार्लिंग क्लेमेन्टाइन’ मध्यें भाऊ प्रथम मारला जातो, सूड चकमकींतच पुरा होतो, आणि क्लॅन्टनांचा म्हातारा बाप, जो खरोखर त्या चकमकीच्या दोन महिने आधींच मेला होता, तो मुख्य खलपुरुष ठरतो. जॉन स्टर्जेस यांनीं १९५७ सालीं चकमक हा शेवट करून एक चित्रपट काढला. नंतर बहुधा त्यांनाच तो अपुरा वाटला असावा, कारण १९६७ सालीं त्यांनीं चकमकीपासून आरंभ करून दुसरा काढला, आणि त्यांत न्यायालय दाखविलें. तो पहिल्याइतका गाजला नाहीं.

राहतां राहिला पीट स्पेन्स. स्टिलवेलचें वर्तमान ऐकतांच तो आपण होऊन बीहनच्या स्वाधीन झाला, कारण तुरुंग हीच आतां सुरक्षित जागा होती. एप्रिलच्या आरंभीं त्याच्यावरील आरोपाची चौकशी निघाली. मारिएटा डुआर्टेला बोलावण्यांत आलें. बचावाच्या वकिलांनीं हरकत घेतली: तिचें बोलणें ऐकीव आहे, आणि पत्नीची साक्ष पतीविरुद्ध चालत नाहीं. हरकत मान्य झाली, आणि मॉर्गन अर्पच्या खुनाचा खटला तेथेंच संपला.

विल मॅक्लॉरी आपल्या गांवीं परत गेला होता. १८८४ सालीं वडिलांना लिहिलेल्या पत्रांत त्यानें टूमस्टोनच्या मुक्कामाचा हिशेब दिला. प्रकृति बिघडली होती, पैसा बराच गेला होता, आणि मनासारखें कांहींच झालें नव्हतें. निष्पन्न झालें तें एवढेंच, असें त्यानें कळविलें, कीं मॉर्गन मेला आणि व्हर्जिल लुळा झाला.